हिरवं रान निळं कसं झालं? (युरोपातल्या जुन्या विणलेल्या रानांबद्दल)

मुनिया

गेले दोन आठवडे हे डोक्यातून जातच नाहीये म्हणून शेवटी धागा काढतेय. लांबेल, आधीच सांगते.

मागच्या महिन्यात आम्ही पोलंडला क्राकूवला गेलो होतो. तिथे वावेल टेकडीवर राजवाडा आहे आणि आत दालनांच्या भिंती भरून विणलेली चित्रं आहेत, आपण टॅपेस्ट्री म्हणतो तसली. पोलिश लोक त्यांना 'अरास' म्हणतात, फ्रान्समधल्या अरास गावावरून. एके काळी त्या गावचं विणकाम इतकं गाजलं की गावाचं नावच वस्तूला चिकटलं, आपल्याकडे पैठणचं चिकटलं तसंच. खरं तर मी तिकीट काढलं होतं ते राजवाडा बघायला, या प्रकाराबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

बायबलमधल्या गोष्टींच्या प्रचंड मोठ्या टॅपेस्ट्री आहेत, आदम-ईव्ह, नोहा, बाबेलचा मनोरा, सगळी गर्दी तिथेच होती. मी अडकले ती दुसरीकडेच. तिथल्या टॅपेस्ट्रींमध्ये माणूसच नाही. नुसतं रान आणि जनावरं. पुढे मोठमोठी पानं, गवत, फुलं, मध्ये प्राणी, मागे झाडी आणि झाडीच्या फटीतून दिसणारा लांबचा उजेड. एकीत ड्रॅगन आणि बिबट्यासारखं ठिपकेवालं जनावर एकमेकांना असे भिडलेत की मी पाचेक मिनिटं तिथून हललेच नाही. या रानाच्या प्रकाराला 'व्हर्ड्यूर' म्हणतात, फ्रेंच शब्द आहे, अर्थ हिरवळ, हिरवाई.

पण हिरवाई नव्हतीच तिथे. पानं निळी. गवत निळं. झाडं निळसर राखाडी. जणू चांदण्यातलं रान. मला वाटलं राजाला निळा रंग आवडत असेल.

आता ज्याच्यासाठी धागा काढला ते सांगते. माझं आजोळ येवल्याचं. मामाच्या घरी माग होता आणि सुट्टीत मी मामीशेजारी बसून पैठणीचा पदर भरताना बघायचे, तासन्‌तास. तर या टॅपेस्ट्रीच्या शक्य तितकी जवळ गेले (दोरी लावलेली असते, त्या दोरीपर्यंत) आणि एका पानाची कड बघितली. फिकट निळं पान आणि मागची गडद सावली. आणि दिसलं की सावलीचा धागा पानाच्या कडेपर्यंत येतो आणि मागे वळतो, पानाचा धागा तिथूनच सुरू होतो आणि पानातच फिरतो. बाणा, म्हणजे मागावरचा आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही! प्रत्येक रंग आपापल्या जागेपुरता. धोटा नाही, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी आणि हाताने घातलेला धागा. अहो हा तर आपला पदर! मामी मोराची मान अशीच भरायची. अंगावर काटा आला, अगदी खरं सांगते. तिथून पुढे मी ते चित्र म्हणून बघणं सोडलं, कापड म्हणून बघायला लागले आणि मग सगळं वेगळंच दिसायला लागलं.

घरी आल्यावर वाचलं ते थोडक्यात. पोलंडचा राजा झिग्मुंट ऑगस्ट याने ब्रसेल्सच्या विणकरांकडून १५५०च्या सुमाराला आणि नंतर दहा-पंधरा वर्षं हे करून घेतलं. दीडशेच्या वर होत्या, आज १३०च्या वर शिल्लक आहेत आणि त्यातल्या ४४ या रानाच्या. लोकर, रेशीम आणि सोन्या-चांदीची जर. बायबलवाल्यांची चित्रं मिखिएल कॉक्सी नावाच्या चित्रकाराने काढून दिली होती. चित्रकार कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढून द्यायचा आणि विणकर ते मागावर उतरवायचे. चांगल्या हाताचा विणकर महिन्याला साधारण एक चौरस मीटर विणायचा, बारीक काम असेल तर त्याहूनही कमी. चार बाय पाच मीटरची एक म्हटली की २० चौरस मीटर होतात. म्हणजे चार-पाच जण मागावर शेजारी शेजारी बसले तरी कितीतरी महिने, एकीलाच.

कुणाला या विषयातलं कळत असेल तर लिहा ना. आणि ते निळं का, ते तर नक्की सांगा.

सुपारी

काय सुंदर लिहिलंयस. पानाच्या कडेचं वाचून मीच दोरीपाशी उभी आहे असं वाटलं. वाचतेय.

घाटावरचा

छान माहिती. एक शंका, गालिचा भिंतीवर का लावायचा? राजाकडे पैसा होता तर भिंत रंगवून घ्यायची की. आपल्याकडे वाड्यांमध्ये भित्तिचित्रं काढायचेच.

रंगरेझ

मुनिया, राजाला निळं आवडत नव्हतं. ते रान हिरवंच होतं.

मी इचलकरंजीत प्रोसेस हाउसमध्ये ३० वर्षं काढली, आता रिटायर आहे, रंगाचं तेवढं सांगू शकतो. तेव्हाच्या युरोपातल्या लोकरीच्या रंगाऱ्याकडे मुख्य रंग तीनच. लाल म्हणजे मॅडरच्या मुळ्या, आपल्या मंजिष्ठाची ती सख्खी बहीण. पिवळा म्हणजे वेल्ड नावाची एक वनस्पती. निळा म्हणजे वोड नावाच्या वनस्पतीची पानं, नंतर आपल्या हिंदुस्थानातली नीळ. वोड आणि नीळ, रेणू एकच आहे बरं का, फक्त आपल्या नीळीत तो जास्त सापडतो. म्हणून समुद्रमार्गे नीळ जायला लागली तशी तिकडचे वोडवाले हादरले आणि बऱ्याच ठिकाणी नीळीवर बंदीच घातली गेली.

आता गंमत अशी की झाडपाल्यात जिकडेतिकडे हिरवा दिसतो पण कापडावर टिकेल असा चांगला हिरवा देणारी वनस्पती त्यांच्याकडे नव्हती. मग हिरवा कसा करायचा, तर लोकर आधी निळीच्या पिंपात बुडवायची, वाळवायची आणि मग तुरटी लावून पिवळ्यात उकळायची. दोन रंग एकावर एक. म्हणजे त्या रानातलं प्रत्येक पान दोनदा रंगलेलं आहे.

नीळ हा व्हॅट डाय आहे. पिंपात असतो तोवर विरघळलेला, धागा हवेत काढला की धाग्याच्या आतच घट्ट बसतो आणि मग पाण्यात विरघळत नाही, उजेडालाही बराच दाद देत नाही. पिवळा त्या मानाने नाजूक. शे-दोनशे वर्षं खिडकीतला उजेड खाल्ला की पिवळा उडतो आणि खाली जो होता तो निळा उरतो. तुम्ही बघितलंत ते पिवळं मेलेलं रान. मला स्वतःला हे फार चटका लावणारं वाटतं, कारण दोन्ही रंग चढवताना त्या रंगाऱ्याने सारखीच मेहनत घेतली असणार.

अजून एक. गडद तपकिरी-काळा रंग हिराकस आणि मायफळासारख्या टॅनिनवाल्या मालातून यायचा. त्यातलं लोखंड लोकर कुरतडत राहतं. म्हणून जुन्या टॅपेस्ट्रीत पानांच्या काळ्या कडा, झाडांची खोडं, प्राण्यांच्या अंगावरच्या सावल्या हे आधी झडतं आणि खालचा ताणा, म्हणजे मागावर ताणून लावलेले धागे, उघडा पडतो. पुढच्या वेळी गेलात तर गडद भाग नीट बघा, तिथे बरंचसं नंतर दुरुस्त केलेलं सापडेल.

मुनिया

रंगरेझकाका, 'पिवळं मेलेलं रान'! मी तिथे दीड तास उभी होते आणि हे माहीत असतं तर अजून दीड तास उभी राहिले असते.

@घाटावरचा, दगडी किल्ल्याच्या खोल्या, गारठा, पोकळ आवाज, त्यात लोकरीचं जाड कापड लावलं की खोली जरा माणसात येते. पण मला पटलेलं मुख्य कारण वेगळंच आहे, ते म्हणजे टॅपेस्ट्री गुंडाळता येते. राजे एका जागी राहत नव्हते, या वाड्यातून त्या वाड्यात, लढाईला, लग्नाला, आणि टॅपेस्ट्री गाडीत टाकून बरोबर. जिथे उतरले तिथे दरबार उभा. भिंतीवरचं चित्र तिथेच राहतं.

ताणाबाणा

धागा फार आवडला, पण पैठणीच्या तुलनेत एक दुरुस्ती करावीशी वाटते, राग मानू नका. मी हातमागावरच काम करतो, म्हणून राहवत नाही.

तत्त्व एकच, हे शंभर टक्के बरोबर. दोन्ही ठिकाणी बाणा तुटक, रंग आपल्या जागेपुरता. पण दोन रंग जिथे भेटतात तिथे काय करायचं, यात सगळा फरक आहे. पैठणीत शेजारचे दोन धागे एकमेकांत अडकवतात, एक दुसऱ्याच्या गळ्यात हात घालून मागे फिरतो म्हणा. त्यामुळे फट राहत नाही आणि चांगल्या पैठणीचा पदर उलटा केला तरी तेच चित्र दिसतं. युरोपातल्या जुन्या टॅपेस्ट्रीत बहुतेक ठिकाणी अडकवत नाहीत. हा रंग इकडून परत, तो रंग तिकडून परत, आणि मध्ये ताण्याच्या दिशेने बारीक चीर राहते. लहान असेल तर तशीच सोडतात, सावलीची रेघ म्हणून उपयोगी पडते. मोठी असेल तर विणून झाल्यावर सुई-दोऱ्याने शिवतात.

दुसरा फरक असा की टॅपेस्ट्रीत बाणा इतका दाबून ठोकतात की ताणा पूर्ण झाकला जातो, रंग सगळा बाण्याचा. ताणा रंगवतही नाहीत, साधी लोकर. म्हणून जिथे बाणा झडतो तिथे पांढरट दोऱ्या दिसतात, काकांनी लिहिलंय ते हेच.

जरीबाबत मात्र तुम्ही म्हणाल तेवढं साम्य आहे. रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी मुलामा दिलेली तार गुंडाळायची, कलाबतू. तिथेही हेच, इथेही हेच.

मुनिया

राग कसला, हे तर सोनं आहे. चीर! मी एका पानाच्या कडेला उभी टाक्यांची रांग बघितली होती आणि मला वाटलं फाटलं असेल, शिवलं असेल. म्हणजे ती मुळातच तशी असते तर.

अनुजा_घेंट

मी बेल्जियममध्ये राहते, घेंटला, आणि आमच्यापासून ट्रेनने जवळच आउडेनार्डे नावाचं गाव आहे. तुम्हाला ज्याची ओढ लागलीये त्याचं खरं घर ते. राजाचं काम ब्रसेल्सला व्हायचं, पण व्हर्ड्यूरचं रोजचं काम, ज्यातून सगळ्या युरोपात माल गेला, ते आउडेनार्डे, आंगियां, ग्रामों अशा गावांमध्ये. आउडेनार्डेत नुसत्या मोठ्या पेढ्या नव्हत्या, आजूबाजूच्या खेड्यांत घराघरात माग होते. येवल्याचं वाचून मला म्हणूनच लिहावंसं वाटलं. गावाच्या जुन्या टाउनहॉलमध्ये आता म्युझियम आहे आणि तिथे एका दालनात बसून राहावं इतकी रानं लावलेली आहेत.

सोळाव्या शतकातली असतील तर पुढे कोबीच्या गड्ड्यासारखी अंगावर येणारी मुडपलेली पानं, इथे त्याला कोबीच्या पानांचा व्हर्ड्यूरच म्हणतात. त्या पानांच्या आतून कुठेतरी एखादा पक्षी, कुत्रा, चित्ता डोकावतो. सतराव्या-अठराव्या शतकात रान मोकळं होतं, दोन बाजूला दोन मोठी झाडं, पुढे बगळा किंवा कोंबड्यासारखा डौलदार पक्षी, मध्ये ओढा, लांब एक गढी. फ्रान्समध्ये ओब्युसाँला पण हेच चालायचं. त्यांना १६६५ मध्ये राजाचा शिक्का मिळाला आणि तिथे आजही विणतात, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

ओळख पटवायला कडेची पट्टी बघायची. ब्रसेल्समध्ये १५२८ला नियमच झाला की शहराची खूण विणलीच पाहिजे, लाल ढालीच्या दोन बाजूंना दोन बी. आणि आउडेनार्डेची खूण काय माहितीये, चष्मा! ढालीवर चष्मा विणलेला असतो. मला तो सापडला की फार आनंद होतो. पण पट्टी कापून टाकलेली असेल तर खूण गेलीच.

अजून एक गोष्ट मला इथल्या एका गाइडबाईंनी दाखवली होती. टॅपेस्ट्री मागावर असते ती आडवी पाडलेली, म्हणजे चित्र कुशीवर झोपलेलं. झाड मागावर उभं नसतं, आडवं विणतात. पूर्ण झाल्यावर ९० अंशात फिरवून टांगतात, त्यामुळे भिंतीवर ताणा आडवा येतो. म्हणूनच हाताने चाचपलं (चाचपायचं नाही, पण समजा) तर बारीक आडव्या रेघा लागतात. आणि विणकर मागच्या बाजूने विणतो, आडव्या मागावर चित्राचा कागद पट्ट्या करून ताण्याच्या खाली ठेवलेला असतो, त्यामुळे चित्र आरशासारखं उलटं होतं. माणसांच्या चित्रात तलवार डाव्या हातात गेलेली दिसते कधीकधी. जनावरांना त्याने काही फरक पडत नाही.

ताणाबाणा

अनुजाताईंनी आडव्या ताण्याचं लिहिलं ते फार महत्त्वाचं. टांगल्यावर सगळं वजन येतं बाण्यावर, आणि चिरा पण आडव्याच पडतात. म्हणजे कापडाचं स्वतःचं वजन त्या चिरा उघडायला बघत असतं, दिवसरात्र, चारशे वर्षं. तुम्हाला जे शिवण दिसलं ते टाके त्या वजनाशी झगडत असतात.

मुनिया

थांबा, मी म्हटलं उभी रांग. आता फोटो मोठा करून बघितला. आडवीच आहे, पान तिरकं असल्यामुळे मला उभी वाटली. बरोबर आहे तुमचं.

कोल्हापुरी_मिसळ

वावेल वाचलं आणि आमच्या वळिवड्याची आठवण झाली. बऱ्याच जणांना माहीत नसेल, दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडेला पोलिश निर्वासितांचा मोठा कॅम्प होता, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं, बायका-मुलंच जास्त. सैबेरियातून सुटून आलेली. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. आमची आजी सांगायची, त्या बायका बाजाराला यायच्या आणि मराठीत भाव करायच्या. म्हणून विचारतो, युद्धात या टॅपेस्ट्रींचं काय झालं? जर्मनांनी क्राकूव तर लगेच घेतलं ना?

मुनिया

कोल्हापुरी, थँक्यू, हे विचारलंत फार बरं केलंत. या कापडांनी जे भोगलंय ते वाचून मी रात्री झोपले नाही.

पहिल्यांदा गेल्या १७९५ मध्ये. पोलंडचे तुकडे पाडून तिघांनी वाटून घेतला तेव्हा रशियाने टॅपेस्ट्री सेंट पीटर्सबर्गला नेल्या. सव्वाशे वर्षं तिकडे. १९२१ला रीगाचा तह झाला, त्यात परत द्यायचं ठरलं आणि पुढच्या काही वर्षांत आल्या. आल्या आणि जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली तोच १९३९. सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्य येतंय म्हटल्यावर वावेलच्या लोकांनी त्या गुंडाळल्या आणि नावेत घालून व्हिस्टुला नदीतून काढल्या. पुढे रस्त्याने रोमानिया, तिथून बोटीने फ्रान्स, आणि फ्रान्समध्ये कुठे, तर ओब्युसाँला! अनुजाने लिहिलेलं तेच विणकरांचं गाव. मग फ्रान्स पडायला लागलं तेव्हा इंग्लंड, आणि १९४०च्या जुलैत 'बाटोरी' नावाच्या पोलिश जहाजातून कॅनडा.

युद्ध संपलं तरी परत आल्या नाहीत. पोलंडमध्ये कम्युनिस्ट सरकार, कॅनडात जुन्या सरकारची माणसं, टॅपेस्ट्री कुणाच्या यावर भांडण, काही पेट्या मठात लपवलेल्या. टॅपेस्ट्री १९६१ला घरी आल्या. वळिवड्याच्या बायका कोल्हापुरात भाव करत होत्या तेव्हा त्यांच्या राजाचं रान कॅनडात पेट्यांत गुंडाळून पडलं होतं. हे मी तुमची पोस्ट वाचेपर्यंत एकत्र करून बघितलंच नव्हतं.

२०२१ला वावेलने सगळ्या एकाच वेळी लावल्या होत्या. ते चुकलं याचं फार वाईट वाटतं.

आणि आज १३०च्या वर आहेत याचं कारण म्हणजे कुणीतरी गुंडाळल्या, कुणीतरी नावेत चढवल्या. चित्र असतं तर भिंतीसकट तिथेच राहिलं असतं.

मांडवी

गोंयच्या लोकांसाठी एक जोडतो. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये दहा टॅपेस्ट्रींचा एक संच आहे, दों जुआंव द काश्त्रू या पोर्तुगीज गव्हर्नरचा. १५४६ला दीवचा वेढा जिंकून तो १५४७ला गोव्यात मिरवणुकीने शिरला, ते सगळं त्यात विणलंय. तेही ब्रसेल्सचंच काम, सोळाव्या शतकाच्या मधलं, म्हणजे मुनियाच्या राजाच्याच काळातलं. रानाचा विषय नाही, मान्य, पण त्याच गावात, त्याच वर्षांत एकीकडे पोलंडच्या राजाचे ड्रॅगन आणि दुसरीकडे आमचं गोंय विणलं जात होतं, हे मला मोठं वाटतं. आपल्याकडचे त्यात पराभूत म्हणून आलेत, ते बघताना घशात अडकतं. पण विणकाम बघायलाच हवं असं आहे.

लीड्सकर

धागा उशिरा दिसला. मी इंग्लंडमध्ये असतो, आणि यात माझे पैसे गेलेत म्हणून लिहितो, दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून 'सतराव्या शतकातलं फ्लेमिश व्हर्ड्यूर' म्हणून एक घेतलं, बगळे, तळं, झाडं, दिसायला अतिशय देखणं. दुकानदाराने तोंडी सांगितलं, पावतीवर नुसतं 'टॅपेस्ट्री' लिहिलं. मी पावती नीट वाचली नाही. पुढे एका जाणकार बाईंना दाखवलं, त्यांनी एक कोपरा उलटला आणि म्हणाल्या हे मशीनचं आहे, विसाव्या शतकातलं. दुकानाने हात वर केले.

त्यांनी काय बघितलं ते सांगतो. मागच्या बाजूला हातविणीत तेच चित्र दिसतं, आरशासारखं उलटं, आणि रंगारंगाच्या दोऱ्यांची टोकं लोंबत असतात, इकडून तिकडे उडी मारलेले धागे असतात. माझ्या तुकड्याच्या मागे चित्रच नव्हतं, रंगांचे सरळ पट्टे होते या टोकापासून त्या टोकापर्यंत. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मशीनच्या मागावर, सगळे रंग पूर्ण रुंदीभर जातात आणि नको तिथे मागे लपतात. दुसरं म्हणजे चिरा, माझ्यात एकही नव्हती. तिसरं म्हणजे सगळीकडे एकसारखं झिजलेलं होतं. खऱ्यात काळे भाग आधी जातात, हे काकांनी वर लिहिलंय. हे मला आधी माहीत असतं तर दुकानातच कळलं असतं. बगळे मात्र भिंतीवर आहेत अजून, मुलीला आवडतात.

रंगरेझ

लीड्सकर, वाईट वाटलं. पण मागच्या बाजूचं तुम्ही फार नेमकं सांगितलंत. त्यात एक भर घालतो. ज्यांच्याकडे खरी असेल त्यांनी मागची बाजू बघितली की मूळ रंग कळतो. मागे अस्तर असतं, उजेड पोचत नाही. निळं झालेलं पान मागे हिरवं असतं.

सायली_ल्याँ

काका!! हे वाचून मी उठून बसले.

मी फ्रान्समध्ये असते. सहा वर्षांपूर्वी गावच्या जुन्या सामानाच्या बाजारात एक तुकडा घेतला होता, दोन हात लांब, हातभर रुंद, मोठ्यातून कापलेला. एक झाड, दोन निळी झुडपं आणि एका पक्ष्याचं मागचं अर्ध अंग, चोच-डोकं दुसऱ्या कुणाकडे असेल. मागे जाड सुती अस्तर शिवलंय. काळ्या खोडात पांढरट दोऱ्या दिसतात. चिरा आहेत, दोन उघड्या आहेत. मी कधी मागे बघितलंच नाही! अस्तर उसवू का?

आणि मध्ये कसर दिसली होती एकदा, तर ड्रायक्लीनला द्यावं का?

ताणाबाणा

थांबा थांबा, स्वतः उसवू नका, अस्तराच्या टाक्यांवरच वजन पेललेलं असू शकतं. ड्रायक्लीन तर अजिबात नाही आणि घरी धुणं त्याहून नाही. कुणी टेक्स्टाइल रिस्टोरर जवळ असेल तर एका बाजूचे टाके त्यांच्याकडून काढून घ्या, दहा मिनिटांचं काम.

कसरीसाठी, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात, म्युझियमवाले पण हेच करतात, पण तुमच्या तुकड्याला ते चालेल का हे पण त्यांनाच विचारा. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. आणि टांगताना खिळे नकोत, वरच्या कडेला पूर्ण लांबीभर वेल्क्रोची पट्टी, म्हणजे वजन वाटलं जातं. खिडकीसमोर लावलं असेल तर आजच काढा.

सायली_ल्याँ

खिडकीसमोरच होतं. काढलं.

अनुजा_घेंट

सायली, पक्ष्याचा पाय दिसतोय का? शेपूट लांब आणि पिसं तुऱ्यासारखी असतील तर ओब्युसाँची शक्यता वाढते, अठराव्या शतकात तिकडे चिनी वस्तूंच्या वेडामुळे फेझंटसारखे पक्षी खूप यायचे. पट्टीचा थोडा जरी भाग असेल तर फोटो टाक.

सायली_ल्याँ

पट्टी नाही गं. पाय एक आहे, पिवळट, रेशमाचा असावा, कारण तिथे चमक आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त तुटलंय.

रंगरेझ

रेशीमच. उजळ भागांना रेशीम वापरायचे, चमक यावी म्हणून, आणि उजेडाने रेशीम लोकरीच्या आधी ठिसूळ होतं. जिथे त्यांनी प्रकाश दाखवला तेच आधी जातं.

सायली_ल्याँ (तीन आठवड्यांनी)

आज आणलं परत. रिस्टोररबाईंनी खालच्या बाजूचं अस्तर वीतभर उघडलं, मी शेजारी उभी होते. फोटो टाकते आहे पण फोटोत नीट आलं नाही म्हणून लिहूनही सांगते.

पुढून निळं असलेलं झुडूप मागून हिरवं आहे. पोपटी नाही, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी गवत होतं ना, तसं हिरवं. आणि प्रत्येक पानात तीन हिरवे आहेत, कडेला गडद, मग मधला, मग उजळ पिवळसर, आणि ते एकमेकांत दातऱ्यासारखे घुसवलेत. पुढून मला तिथे एकच मळकट निळा दिसायचा. पक्ष्याच्या पोटाजवळ नारिंगी आहे, पुढे तो मातकट झालाय. दोऱ्यांची टोकं शेकड्यांनी आहेत. एक जागा अशी आहे की विणकराने एक रंग संपवून दुसरा घेतलाय आणि टोक फक्त दोन बोटं सोडलंय, बाकी ठिकाणी चार-चार. तिथे दोरा संपत आला असेल का? बाईंनी अस्तर परत शिवून दिलं. येताना ट्रेनमध्ये पिशवी मांडीवरच ठेवली होती.

मुनिया

सायली, मी तुझी पोस्ट चार वेळा वाचली. शेवटी मामीला व्हिडिओ कॉल करून फोटो दाखवला. ती आता ७४ वर्षांची आहे, माग कधीच विकला, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. रंग बघून काही बोलली नाही. फोटो मोठा कर म्हणाली, मग अजून मोठा कर म्हणाली. तुझ्या त्या दोन बोटांच्या टोकापाशी थांबली आणि म्हणाली, "दोरा संपला नव्हता, वाचवला त्यानं. महाग रंग असंल."

काका, तो कुठला रंग असेल?

रंगरेझ

सायली, ते टोक कुठल्या रंगाचं आहे?

सायली_ल्याँ

लाल.